दोष आणि देणे : धर्माच्या नावाने झालेले अन्याय व अनुयायांचे उत्तरदायित्व

एखाद्या धर्माच्या नावाने जो अन्याय झाला त्याचे उत्तरदायित्व त्या धर्माच्या आजच्या अनुयायावर येते काय, हा प्रश्न आपण बौद्धांनी आजवर दुसऱ्यांना विचारत आलो आहोत. तो विचारण्याचा आपला अधिकार निर्विवाद आहे. परंतु हाच प्रश्न कोणी आपल्याला विचारला तर आपण काय उत्तर देतो, याची चिकित्सा आपल्या नियतकालिकांतून फारशी झालेली दिसत नाही. प्रस्तुत लेख हा त्या दिशेने केलेला एक प्रयत्न आहे. त्याचे निमित्त ग्रंथालयात नव्हे, कोयनानगरला घडले.

गेल्या वर्षावासात कोयनानगरच्या एका विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालू होते आणि कम्मविषयक प्रकरणावर बोलण्यासाठी मला बोलावणे आले होते. तिथला पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना ठाऊक असेल की पत्र्यावर सर कोसळू लागली की वक्त्याने थांबावे लागते. असे थांबत थांबत प्रवचन संपले, तेव्हा धरणावरील नोकरीतून निवृत्त झालेले एक वयोवृद्ध उपासक उठून उभे राहिले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या भूकंपात त्यांची धाकटी बहीण भिंतीखाली गेली, तेव्हा ते दहाबारा वर्षांचे होते. ते म्हणाले, "जय भीम, सर. त्या वेळी मदत घेऊन आलेल्या एका गृहस्थाने माझ्या आईला सांगितले की पोरीचे मागच्या जन्मीचे भोग होते, ते संपले. तो माणूस आपला नव्हता, म्हणून मी त्याला जन्मभर नावे ठेवली. आता एक विचारतो. तुमच्या वेच्यांच्या पुस्तकात बालपण्डित सुत्त आहे. नातीने ग्रंथालयातून पूर्ण भाषांतर आणले, त्यात त्याच सुत्तात एक उतारा जास्तीचा आहे. तो तुम्ही का गाळलात?"

त्या दिवशी मी जे उत्तर दिले ते उत्तर नव्हते. पृष्ठमर्यादा, विद्यार्थ्यांची सोय, असे काहीसे मी बोललो. त्या उताऱ्याकडे पुढे यावयाचे आहे. तत्पूर्वी भूकंप आणि पाप यांची सांगड ज्या एका प्रसिद्ध वादात घातली गेली तो वाद पाहणे इष्ट ठरेल, कारण धर्माचे अपराध आणि धर्मीयांचे उत्तरदायित्व हा प्रश्न तिथे अत्यंत उघडपणे पुढे आला होता.

१५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये भयंकर भूकंप झाला. गांधीजी त्या वेळी अस्पृश्यतानिवारणाच्या दौऱ्यावर दक्षिणेत होते. हा भूकंप म्हणजे अस्पृश्यतेच्या पापाबद्दल ईश्वराने केलेले शासन होय, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले. रवींद्रनाथ ठाकुरांनी त्याचा प्रतिवाद केला आणि गांधीजींनी तो 'हरिजन'मध्ये आपल्या उत्तरासह प्रसिद्ध केला. निसर्गातील उत्पातांची कारणे निसर्गातच असतात, हा रवींद्रनाथांचा मुद्दा सर्वपरिचित आहे. त्यांचा दुसरा मुद्दा मात्र मला अधिक मोलाचा वाटतो. सुरक्षित अंतरावर बसलेल्या खऱ्या अपराध्यांना धडा मिळावा म्हणून जो शास्ता लहान मुलांना आणि खुद्द अस्पृश्यांनाही गाडून टाकतो, त्याला न्यायी कसे म्हणावे, असे त्यांनी विचारले होते. बिहारच्या ढिगाऱ्याखाली ज्यांच्या विटाळाचे पाप झाले तेही होते आणि ज्यांनी विटाळ मानला तेही होते. भूकंपाने त्यांत निवड केली नाही.

गांधीजींच्या विधानात एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. अस्पृश्यता हा मूठभर दुष्टांचा अपराध नसून समस्त सवर्ण समाजाचा आहे, ही कबुली त्यात होती. त्या काळी अशी कबुली देणारे थोडे होते. परंतु ती चुकीच्या हिशेबाने दिली गेली. अपराध सर्वांचा म्हणून शिक्षा सर्वांना, आणि शिक्षा देणारा ईश्वर. या मांडणीत माणसाने करावयाचे असे प्रायश्चित्तापलीकडे काही उरत नाही. ज्या शास्त्रांतून तो अपराध उगवला त्यांना तर धक्काही लागत नाही.

याच संदर्भात पालि साहित्याची भूमिका थोडक्यात नोंदवतो. दीघनिकायातील महापरिनिब्बान सुत्तात भूकंपाची आठ कारणे सांगितली आहेत. पहिले कारण भौतिक आहे : पृथ्वी पाण्यावर, पाणी वाऱ्यावर टेकलेले, आणि वारा क्षुब्ध झाला की पाणी व त्यामागोमाग पृथ्वी हलते. उरलेली कारणे ऋद्धिमान व्यक्तींच्या आणि बोधिसत्त्वाच्या व तथागतांच्या जीवनातील घटनांशी निगडित आहेत. या आठांत लोकांचे पाप हे कारण नाही, एवढेच येथे महत्त्वाचे. (कोयनेचा भूकंप जलाशयामुळे उद्भवलेल्या भूकंपांचे जगातील एक प्रमुख उदाहरण मानला जातो. म्हणून तथागतांना अडीच हजार वर्षांपूर्वी धरणाचे शास्त्र माहीत होते असे सांगण्याचा मोह आपल्या काही वक्त्यांना होतो. तो आवरावा. प्राचीन विश्वकल्पनेला आधुनिक भूशास्त्राचे प्रमाणपत्र मिळवून देण्याने धम्माची प्रतिष्ठा वाढत नाही.) संयुत्तनिकायातील सीवक सुत्तात माणसाच्या वाट्याला येणाऱ्या वेदनांची आठ कारणे दिली आहेत. पित्त, कफ, वात, ऋतुबदल, बाहेरून झालेला आघात अशा कारणांच्या रांगेत कम्मविपाक हे केवळ एक कारण आहे. आणि सर्व सुखदुःखे पूर्वकृत कर्मानेच येतात असे म्हणणारे लोक स्वानुभव आणि लोकप्रसिद्ध सत्य या दोहोंच्या मर्यादा ओलांडतात, असा तिथे निर्वाळा आहे. अंगुत्तरनिकायाच्या तिकनिपातात तर 'पुब्बेकतहेतु' या मताला अकर्मण्यतेकडे नेणाऱ्या तीन मतांत बसविले आहे. पूर्वकर्मच सर्व घडवते असे मानले तर खून करणाऱ्यानेही तेच कारण पुढे करावे आणि कर्तव्य-अकर्तव्य हा भेदच संपावा, हा तिथला युक्तिवाद आहे. कोयनानगरच्या त्या मातेला जे ऐकवले गेले ते या सुत्तांपुढे टिकत नाही.

इथपर्यंतचा मार्ग सोपा आहे. प्रवचनात मी इथेच थांबलो होतो.

आता १९३६ कडे वळू. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाच्या परिषदेसाठी बाबासाहेबांनी लिहिलेले आणि होऊ न शकलेले भाषण त्यांनी 'जातिनिर्मूलन' म्हणून प्रसिद्ध केले. त्यातील एक प्रतिपादन आपल्या विषयाच्या केंद्रस्थानी आहे. हिंदू जात पाळतात ते त्यांची बुद्धी विपरीत आहे किंवा ते माणुसकीशून्य आहेत म्हणून नव्हे, तर ते मनापासून धार्मिक आहेत म्हणून. दोष पाळणाऱ्यांत नसून त्यांना तसे शिकविणाऱ्या धर्मात, शास्त्रांत आहे. तेव्हा प्रहार शास्त्रांच्या पावित्र्यावर करावयास हवा, असे ते प्रतिपादन आहे. अलीकडे काही विद्वान या विधानाचा अर्थ 'व्यक्ती निर्दोष, ग्रंथ दोषी' असा सोयीस्करपणे लावतात. हा अर्थ मला ग्राह्य वाटत नाही. शास्त्राचे पावित्र्य हे शास्त्राच्या पानांत वसत नाही. ते मानणाऱ्याच्या मनात वसते. ते पावित्र्य नष्ट करा असे सांगणे म्हणजे मानणाऱ्याला हाक देणेच आहे. ज्याला हाक देता येते त्याला उत्तर देण्याची जबाबदारीही येते.

गांधीजींनी 'हरिजन'मधून या पुस्तिकेचा परामर्श घेतला. धर्माची परीक्षा त्याच्या निकृष्ट अनुयायांवरून नव्हे, तर त्याने घडविलेल्या उत्कृष्ट अनुयायांवरून करावी, असे त्यांचे म्हणणे होते. बाबासाहेबांनी हा निकष तत्त्वतः नाकारला नाही. त्यांनी एवढेच विचारले की मग उत्कृष्ट इतके थोडे आणि निकृष्ट इतके बहुत का? या एका प्रश्नाने तो निकष कोसळतो. धर्माचे श्रेय संतांच्या नावे जमा करावयाचे आणि त्याचे अपराध 'खरे धर्मीय नव्हेत' अशा लोकांच्या नावे खर्ची टाकावयाचे, अशी ही हिशेबाची वही आहे. तिच्यात धर्म कधीच तोट्यात जात नाही.

याचा अर्थ जन्माने त्या धर्मात असलेला प्रत्येक जण अपराधी, असाही नाही. महाडच्या सत्याग्रहाला पाठिंबा देताना जेधे आणि जवळकर यांनी ब्राह्मणांना त्यात घेऊ नये अशी अट घातली होती. बाबासाहेबांनी ती अमान्य केली. आमचे वैर ब्राह्मणांशी नसून ब्राह्मण्याशी आहे, ही त्यांची भूमिका होती. आणि २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीच्या दहनाचा ठराव मांडला तो गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे यांनी. जन्माने ब्राह्मण असलेल्या या गृहस्थाने मनुस्मृती लिहिली नव्हती, तिच्या आधारे कोणाला छळल्याचीही नोंद नाही. तरीही ती आपली नाही, असे नुसते म्हणून ते बाजूला झाले नाहीत. ती आपली आहे म्हणूनच ती जाळण्याचा ठराव आपण मांडला पाहिजे, असा त्या कृतीचा अर्थ मी लावतो. महाडच्या इतिहासात या क्षणाचे जेवढे मनन व्हावयास हवे तेवढे झालेले नाही.

या कृतीला पालि परंपरेत आधार सापडतो काय? सामान्यतः सांगितले जाते की बुद्धमताने कम्म म्हणजे चेतना, आणि प्रत्येक जण आपापल्या कम्माचा धनी. म्हणून दुसऱ्याच्या कृत्याचा दोष आपल्याला लागत नाही. हे खरे आहे, पण अर्धेच. अंगुत्तरनिकायाच्या चतुक्कनिपातात शीलभंगाविषयी एक सुत्तमालिका आहे. प्राणिहिंसेपासून आरंभ करून प्रत्येक दुष्कृत्याबाबत तिथे चार पायऱ्या सांगितल्या आहेत : स्वतः ते करणे, दुसऱ्याला त्यास प्रवृत्त करणे, त्यास अनुमती देणे आणि त्याची प्रशंसा करणे. चारही पायऱ्यांवरील माणसाची गती एकच सांगितली आहे. तिसऱ्या पायरीसाठी योजलेला शब्द 'समनुञ्ञ' असा आहे. मनाने संमत असलेला, असा त्याचा अर्थ. हात न उचललेला, कोणाला न चिथावलेला, केवळ 'झाले ते योग्यच' असे मानणारा माणूस येथे कर्त्याच्या पंक्तीला बसवला आहे. चेतना ही कृतीचीच असते असे नाही, संमतीचीही असते. आपल्या शीलविषयक पुस्तिकांत पंचशीलाचे विवेचन करताना या सुत्तमालिकेचा उल्लेख क्वचितच आढळतो.

'मी हे माझ्यासाठी केले नाही, धर्मासाठी केले' या सबबीचाही विचार सुत्तांत झाला आहे. मज्झिमनिकायातील धनञ्जानि सुत्तात एक ब्राह्मण राजाच्या नावाने प्रजेला आणि प्रजेच्या नावाने राजाला लुबाडतो. सारिपुत्तांनी हटकल्यावर तो आपली ओझी मोजून दाखवतो : आईवडील, बायकामुले, नोकरचाकर, पाहुणे, पितर, देव, राजा, या सर्वांचे करावयाचे तर प्रमाद कसा टळेल? सारिपुत्त एकेक ओझे उचलून विचारतात : यांच्यासाठी केले असे सांगितल्याने अधर्माचे फळ टळेल काय? स्वतः ते पितर किंवा देव येऊन तुला सोडवतील काय? पितर आणि देव यांची नावे या यादीत आहेत हे लक्षणीय आहे. धार्मिक कर्तव्य ही सबब सारिपुत्त संसाराच्या सबबीच्याच तागडीत टाकतात.

त्याहून मर्मभेदी आहे ते संयुत्तनिकायातील योधाजीव सुत्त. योद्ध्यांचा एक मुखिया तथागतांना विचारतो की रणात उत्साहाने लढून मेलेला वीर स्वर्गात जातो, असे आमचे पूर्वाचार्य सांगत आले. आपले मत काय? तथागत दोनदा उत्तर टाळतात. तिसऱ्यांदा सांगतात की शत्रू मारला जावा या भावनेने झुंजताना मेलेल्याची गती दुर्गतीच आहे, आणि ते स्वर्ग मानणे ही मिथ्या दृष्टी आहे. मुखिया रडू लागतो. आपण जे बोललो त्याने रडतोस काय, असे विचारता तो सांगतो की नाही. पूर्वाचार्यांनी आपल्याला दीर्घकाळ फसवले म्हणून रडू येते. हा अनुयायी फसवला गेलेला आहे. तरीही, फसवला गेला म्हणून त्याचे कर्म पुसले जाते असे तथागत म्हणत नाहीत. शिकवणाऱ्याचा दोष शिकणाऱ्याचा दोष खाऊन टाकत नाही. 'जातिनिर्मूलन'मधील विधान मी या सुत्ताच्या शेजारी ठेवून वाचतो.

मात्र या सुत्तांतून एक प्रश्न सुटत नाही. ज्याने ना केले, ना संमती दिली, ना प्रशंसा केली, त्याच्याकडे काहीच उरत नाही काय? येथे मी एक भेद सुचवतो. तो सुत्तांत या शब्दांत नाही, माझा आहे. दोष वेगळा, देणे वेगळे. कोयनानगरलाच हे चांगले समजते. कोयनेच्या विजेवर मुंबईतील दिवा लागतो. तो दिवा लावणाऱ्याने कोयनाखोऱ्यातील गावे बुडवली नाहीत. त्याचा दोष नाही. परंतु त्या गावांतून उठलेल्या कुटुंबांतील कित्येकांनी पुनर्वसनाच्या हक्कासाठी अर्धशतकानंतरही ठिय्या धरला, तेव्हा 'माझा त्याच्याशी संबंध काय' असे त्या दिव्याखाली बसून म्हणता येत नाही. त्याच्याकडे देणे निघते. धर्माचेही तसेच. जो तिसरण घेतो तो अडीच हजार वर्षांचा वारसा घेतो. अजिंठा आमचा, अशोक आमचा, नालंदा आमची असे म्हणताना आपण दीड हजार वर्षांपूर्वीच्या लोकांचे श्रेय विनासंकोच स्वीकारतो. मग त्याच वारशातील कर्ज कोणाचे? वारसा नको असेल तर तो सोडता येतो. वतनावर लाथ मारणाऱ्या समाजाला हे कोणी शिकवावयास नको. पण ठेवावयाचा असेल तर पूर्ण ठेवावा लागतो.

आता आपल्या घरात पाहू. महावंसाच्या पंचविसाव्या परिच्छेदात दुट्ठगामणी राजा एळार राजाला जिंकतो. एळार न्यायी होता हे महावंसच सांगतो, त्याच्या मृत्यूनंतर दुट्ठगामणीने त्याचा सन्मान केला हेही सांगतो. विजयानंतर राजाला असंख्य हत्यांचा पश्चात्ताप होतो. तेव्हा आठ अर्हत येऊन त्याचे सांत्वन करतात की तू दीडच माणूस मारलास. एकाने तिसरण घेतले होते, दुसऱ्याने पंचशीलही घेतले होते. बाकीचे मिथ्यादृष्टी, पशूंसारखे. पालि भाषेत, थेरवादी स्थविराच्या लेखणीतून उतरलेला हा मजकूर आहे. योधाजीव सुत्ताशी तो उघड विसंगत आहे. तिथे रडणाऱ्या योद्ध्याला तथागत सत्य सांगतात; इथे रडणाऱ्या राजाला अर्हत झोपेची गुटी देतात. ही केवळ जुनी कथा आहे असे समजू नये. ऑक्टोबर २०१७ मध्ये, म्यानमारच्या राखाइन प्रांतातून लक्षावधी रोहिंग्या बांगलादेशात लोटले जात असताना, त्या देशातील विख्यात महाथेर सितगू सयाडॉ यांनी लष्करी अधिकाऱ्यांसमोरच्या प्रवचनात हीच कथा सांगितली. चतुक्कनिपातातील चार पायऱ्यांपैकी हे प्रवचन कितव्या पायरीवर येते, ते वाचकांनीच ठरवावे.

यावर आपल्याकडे जे उत्तर हमखास दिले जाते ते असे : ते खरे बौद्ध नव्हेत, बुद्धाचा धम्म असा नाही. हे उत्तर मी स्वतः अनेकदा दिले आहे. पण हा तर १९३६ मधला गांधीजींचाच युक्तिवाद झाला! ज्या वहीचा हिशेब बाबासाहेबांनी फेटाळला तीच वही आपण आपल्या दुकानात आणून ठेवली आहे.

जपानचे उदाहरण आपल्याला आणखी जवळचे आहे. तिथे बुराकु म्हणून ओळखला जाणारा बहिष्कृत समाज आहे. बौद्ध मंदिरांतून मृतांना धर्मनाम देण्याची प्रथा आहे. बुराकु कुटुंबांतील मृतांना पशू, दास अशा अर्थांच्या अक्षरांची हीन नावे देऊन ती थडग्यांवर कोरली गेली. चिनी सूत्रांतून आलेला 'सेन्दारा' हा शब्दही त्यांच्यासाठी वापरला गेला. 'सेन्दारा' म्हणजे आपला 'चण्डाल'. हा शब्द भारतातून निघाला, समुद्र ओलांडून गेला आणि बौद्ध सूत्रांच्या होडीत बसून गेला, हे प्रथम वाचले तेव्हा मी काही वेळ पुस्तक मिटून बसलो होतो. १९७९ मध्ये प्रिन्स्टन येथील धर्म व शांतता परिषदेत सोतो झेन पंथाच्या प्रशासकीय प्रमुखांनी जपानमध्ये असा भेदभाव नाहीच, असे सांगितले. बुराकु मुक्ती संघटनेने त्यांना जाब विचारला. पंथाला आपले ग्रंथ, प्रवचने, मृतांच्या नोंदवह्या तपासाव्या लागल्या, हीन नावे बदलण्याचे काम हाती घ्यावे लागले, आणि १९८४ च्या नैरोबी परिषदेत त्याच धर्माधिकाऱ्यांनी आपले विधान मागे घेऊन क्षमा मागितली. १९९२ मध्ये याच पंथाने जपानी आक्रमणाला दिलेल्या साथीबद्दल जाहीर क्षमायाचना केली. ती नावे कोरणारे पुरोहित केव्हाच मेले होते. दोष त्यांचा. पण थडग्यावरील नाव खोडून नवे कोरावयाचे तर छिन्नी जिवंत माणसाच्याच हातात असावी लागते.

आता त्या गाळलेल्या उताऱ्याकडे. बालपण्डित सुत्तात मूर्खाच्या दुर्गतीचे वर्णन आहे. दीर्घकाळानंतर तो पुन्हा मनुष्ययोनीत आला तर कोणत्या कुळात येतो, हे सांगताना तिथे पाच नीच कुळे दिली आहेत : चण्डाल, नेसाद, वेन, रथकार, पुक्कुस. ती दरिद्री, अन्नपानाला महाग, आणि तो तिथे कुरूप, रोगी असा जन्मतो. थोडक्यात, चांडाळाच्या घरी जन्म हे पूर्वदुष्कृताचे फळ. हे केवळ एका सुत्तात नाही. कोसलसंयुत्तातील पुग्गल सुत्तात आणि अंगुत्तरनिकायात हाच ठराविक मजकूर पुन्हा येतो. अंगुत्तरच्या पञ्चकनिपातात श्रद्धाहीन, शीलहीन, शुभशकुनांवर भिस्त ठेवणाऱ्या उपासकाला 'उपासकचण्डाल' म्हटले आहे. म्हणजे शिवी देण्यासाठी आमच्या पूर्वजांचे नाव वापरले आहे.

हा भाग नंतर घुसडलेला आहे, असे म्हणण्याची सोय आहे. माझ्या पेशाला मात्र ती सोय इतक्या सहजी घेता येत नाही. जो मजकूर एकाहून अधिक निकायांत त्याच साच्यात येतो, तो केवळ आपल्याला रुचत नाही म्हणून प्रक्षिप्त ठरवणे ही चिकित्सा नव्हे. याच साहित्यात वासेट्ठ सुत्त आहे, अस्सलायन सुत्त आहे, सुनीत आणि सोपाक या थेरांच्या गाथा आहेत. पुग्गल सुत्तातही अंधारात जन्मलेला उजेडाकडे जाऊ शकतो, असाच मुख्य रोख आहे. हे सर्व खरे आहे. परंतु त्या वाक्याशेजारी दुसरी चांगली वाक्ये आहेत म्हणून ते वाक्य नाहीसे होत नाही. नाहीसे होत नाही म्हणूनच मी ते गाळले होते.

वेचे तयार करताना माझ्यासमोर जे विद्यार्थी होते त्यांतील बहुतेक आपल्याच समाजातील, कित्येकांच्या घरातील पालि शिकणारी पहिलीच पिढी. त्यांच्या हाती हे वाक्य कसे द्यावे, असा विचार मी केला. त्यात करुणा होती असे मी स्वतःला बरीच वर्षे सांगत आलो. आज वाटते, त्यात करुणेपेक्षा भीती अधिक होती : ही मुले विचारतील की मग आपण इथे कशासाठी आलो, आणि मला उत्तर देता येणार नाही, ही भीती. ज्या परंपरेने शास्त्रे सामान्यांपासून लपवली तिला आपण दोष देतो. मी चार ओळी लपवल्या. प्रमाण लहान आहे, रीत तीच आहे.

बाबासाहेबांनी काय केले ते यासंदर्भात पाहण्यासारखे आहे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ मध्ये प्रकाशित झालेल्या ग्रंथाच्या प्रास्ताविकातच त्यांनी चार अवघड प्रश्न मांडले आहेत, आणि आत्मा नाकारून कर्म व पुनर्जन्म कसे मानता येतील, हा त्यांतील एक. धर्मांतराची तयारी करणारा माणूस त्या धर्माचे अवघड प्रश्न पहिल्याच पानांवर मांडतो, याचे आश्चर्य आपल्याला वाटेनासे झाले आहे. पुढे कम्माच्या प्रकरणात ते गतजन्मीचे कर्म या जन्माची स्थिती ठरवते हा सिद्धान्त बुद्धाचा म्हणून स्वीकारत नाहीत. दीनदुबळ्यांच्या दुरवस्थेच्या उत्तरदायित्वातून राज्याला आणि समाजाला मोकळे करणे, याखेरीज त्या सिद्धान्ताचा हेतू दिसत नाही, असा त्यांचा अभिप्राय आहे. बुद्धवचन कोणते मानावे याचे निकषही त्यांनी दिले : जे बुद्धिसंगत नाही, ज्याचा माणसाच्या कल्याणाशी संबंध नाही, ते बुद्धाचे नव्हे. पालि पंडितांनी या निकषांवर भाषाशास्त्रीय आक्षेप घेतले आहेत, आणि त्यांतील काही आक्षेपांत तथ्य आहे असे मलाही वाटते. ऐतिहासिक बुद्ध नेमके काय बोलले याचा शोध अशा निकषाने लागेलच असे नाही. परंतु तो निकष इतिहाससंशोधकाचा नाही. वारसा स्वीकारण्यापूर्वी कर्जाची यादी वाचणाऱ्याचा आहे. त्या वाक्याला 'समनुञ्ञ' राहण्याचे बाबासाहेबांनी नाकारले, आणि ते सर्वांसमक्ष नाकारले. माझे गाळणे आणि त्यांचे नाकारणे यांत हाच फरक आहे. गाळलेले वाक्य पुढच्या आवृत्तीत कोणीही परत घालू शकतो.

कोयनानगरला आलेला तो मदतकर्ता गृहस्थ कोण होता, कोणत्या धर्माचा होता, मला ठाऊक नाही. त्याने जे सांगितले ते बालपण्डित सुत्ताचे भाषांतर हाती धरूनही सांगता आले असते, हे मात्र ठाऊक आहे. तो 'आपला' नव्हता या समाधानावर त्या उपासकांनी काढलेली पन्नासहून अधिक वर्षे त्यांच्या नातीने आणलेल्या एका पुस्तकाने हिरावून घेतली, आणि त्याबद्दल विचारणा त्यांनी माझ्याकडे केली. ती योग्य माणसाकडे केली.

वेच्यांच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते सध्या माझ्या टेबलावर आहेत. बालपण्डित सुत्तात तो उतारा पूर्ववत घातला आहे. त्याखाली पुग्गल सुत्त आणि सीवक सुत्त यांचे संदर्भ, जपानमधील 'सेन्दारा' शब्दाची हकीकत आणि बाबासाहेबांच्या अभिप्रायाचा सारांश अशी टीप जोडली आहे. टीप मूळ उताऱ्याहून लांब झाली आहे; प्रकाशकांची त्याला हरकत होती, ती त्यांनी मागे घेतली. पहिली प्रत कोयनानगरला पाठवावयाची आहे, आणि येत्या वर्षावासात तो उतारा तिथे मोठ्याने वाचावयाचा आहे. त्या काकांनी अट घातली आहे की टीप आधी वाचावयाची नाही.